एक आकडा, दोन अज्ञात राशी: व्ही२८-२३८ या गाभ्याचं प्रकरण

बीजगणितात पहिल्याच वर्षी एक नियम अंगवळणी पडतो. अज्ञात राशी दोन असल्या तर समीकरणंही दोन लागतात. एकाच समीकरणातून क्ष आणि य दोन्ही काढून दाखवणाऱ्याने कुठेतरी एकाची किंमत गृहीत धरलेली असते, आणि त्याचं उत्तर तपासायचं तर आधी ती जागा शोधावी लागते. समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म कवचांवरून हिमयुगाचं तापमान काढण्याच्या कामात १९५५ साली अशीच एक किंमत गृहीत धरली गेली. ती चुकली होती, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ निकोलस शॅकलटन यांनी दाखवलं. मला मात्र या प्रकरणात खरा रस आहे तो चूक सापडल्यानंतरच्या भागात. तापमापकातला जो दोष वजा करून टाकायचा होता, तोच शॅकलटन यांनी उचलून धरला आणि त्यातून जगातल्या सगळ्या समुद्रांना लागू पडणारी कालगणना उभी राहिली.

कवचात काय लिहिलेलं असतं

फोरामिनिफेरा, थोडक्यात फोराम, हे समुद्रातले एकपेशीय जीव. बहुतेकांची कवचं एक मिलिमीटरपेक्षा लहान आणि कॅल्शियम कार्बोनेटची असतात. काही जाती पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, तर काही थेट तळाच्या चिखलात राहतात. जीव मेला की कवच तळाशी बसतं, त्यावर पुढच्या पिढ्यांची कवचं बसतात, आणि खोल समुद्रात हजार वर्षांना एक-दोन सेंटिमीटर अशा गोगलगायीच्या गतीने गाळ चढत जातो.

कवचातला ऑक्सिजन भोवतालच्या पाण्याशी जुळलेला असतो. निसर्गात हा अणू तीन वजनांचा सापडतो: ९९.७६ टक्के ऑक्सिजन-१६, सुमारे ०.२ टक्के जड ऑक्सिजन-१८ आणि उरलासुरला ऑक्सिजन-१७. पाणी जितकं थंड, तितका कवचात जड ऑक्सिजनचा वाटा किंचित जास्त. किंचित म्हणजे तापमान चार-साडेचार अंश सेल्सिअसने उतरलं तर हजारात एका भागाने. हॅरल्ड यूरी यांनी १९४७ साली यामागचं गणित मांडलं आणि शिकागोतल्या त्यांच्या प्रयोगशाळेने एवढा सूक्ष्म फरक पकडणारं यंत्र तयार केलं. मोजणीसाठी शून्य म्हणून जो नमुना निवडला गेला तोही एक जीवाश्मच होता, दक्षिण कॅरोलिनातल्या पीडी थरातला बेलेम्नाइट, म्हणजे माकूळासारखा एक नामशेष जीव. मूळ नमुना वापरून वापरून कधीचाच संपला, पण जगभरचे आकडे आजही त्याच्याच नावाने सांगितले जातात.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणं असतं आणि त्याला पर्यायही नसतो. नळीतून काढलेल्या गाळाचा चमचाभर तुकडा पाण्यात भिजवायचा, बारीक चाळणीवर धरून धुवायचा, म्हणजे चिकणमाती निघून जाते आणि पांढरे दाणे उरतात. सुकल्यावर ते काळ्या तबकडीवर पसरायचे, सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचे आणि चार केसांच्या ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. तेही हव्या त्याच जातीचं, कारण वर तरंगणारी जात आणि तळाची जात मिसळली तर आकड्याला अर्थ राहत नाही. निवडलेली कवचं फॉस्फोरिक आम्लात विरघळवली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. मग मास स्पेक्ट्रोमीटर या रेणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात ४४ आणि ४६ वजनांच्या रेणूंचं प्रमाण प्रमाणित वायूशी ताडून पाहायचं. इतक्या खटाटोपानंतर हातात पडतो एक आकडा. फक्त एक.

सहा अंश

चेझारे एमिलियानी हे मूळचे बोलोन्याचे, यूरींच्या शिकागोच्या गटात तयार झालेले. १९४७-४८ च्या स्वीडिश खोल समुद्र मोहिमेत आल्बाट्रॉस जहाजाने पिस्टन असलेल्या नव्या नळीने गाळाचे लांबलचक गाभे, म्हणजे थर न विस्कटता काढलेले उभे दंड, वर आणले होते. असे गाभे घेऊन एमिलियानी यांनी थराथरातून वर तरंगणारे फोराम वेचले आणि त्यांतला ऑक्सिजन मोजला. आलेख सरळ वर-खाली, वर-खाली जाणारा निघाला. त्यांनी शिखरांना आणि दऱ्यांना वरून क्रमांक दिले. विषम म्हणजे उबदार, सम म्हणजे थंड. आपण आज आहोत तो पहिला टप्पा. या क्रमांकांत एक खोड आहे: तिसरा टप्पा विषम असला तरी ते काही खरं आंतरहिमयुग नाही, शेवटच्या हिमयुगातलाच थोडा सौम्य भाग आहे. पण एकदा रूढ झालेले क्रमांक बदलायला कोण धजावणार?

कॅरिबियन समुद्रात आणि विषुववृत्ताजवळच्या अटलांटिकमध्ये हिमयुग आणि आंतरहिमयुग यांत पृष्ठभागाच्या पाण्याचं तापमान सुमारे सहा अंशांनी बदलत होतं, असा निष्कर्ष एमिलियानी यांनी १९५५ साली मांडला. उष्ण कटिबंधाच्या मानाने हा बदल प्रचंड.

गोम अशी होती. समुद्रातून वाफ होते तेव्हा हलकं पाणी जास्त उडतं. ढग ध्रुवाकडे सरकत जाताना वाटेत जड पाणी आधी पावसात गळतं, त्यामुळे ध्रुवाजवळ पडणाऱ्या हिमात ऑक्सिजन-१८ फार कमी उरतो. एरवी हे हिम वितळून समुद्रात परत येतं आणि हिशेब जुळतो. हिमयुगात मात्र ते खंडांवर किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ होऊन अडकून पडतं आणि मागे उरलेला सगळा समुद्र जड होतो. म्हणजे गारठा वाढला तरी कवच जड, बर्फ वाढला तरी कवच जड. दोन्ही कारणं एकाच दिशेने ढकलतात आणि यंत्राला त्यांतला फरक कळत नाही.

हे एमिलियानी यांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. बर्फाचा वाटा त्यांनी वजा केला होता. तो काढताना बर्फाचं सरासरी मूल्य उणे १५ धरलं होतं, म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारात पंधरा भाग हलकं. गणित कागदाच्या कपट्यावर मावतं. समुद्राची सरासरी खोली साधारण ३,७०० मीटर. हिमयुगाच्या शिखरावर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली होती. तेवढं पाणी म्हणजे एकूण पाण्याच्या सव्वातीन टक्के. सव्वातीन टक्के गुणिले १५, उत्तर अर्ध्याच्या आसपास. कवचातला एकूण फरक हजारात पावणेदोनच्या जवळपास. त्यातून अर्धा गेला, उरला सव्वा. त्याचे अंश केले की साडेपाच-सहा.

पण बर्फ उणे १५ चा नसेल तर? ग्रीनलंडच्या मध्यभागी तो उणे ३५ च्या आसपास भरतो, अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात उणे ५० च्याही खाली. उत्तरेच्या जुन्या हिमस्तरांची सरासरी उणे ३० ते ३५ धरली तर त्याच सव्वातीन टक्क्यांतून एक किंवा त्याहून थोडं जास्त निघतं. मग तापमानासाठी उरतं अर्धं-पाऊण, आणि सहा अंशांचे अडीच-तीन होतात. सगळा डोलारा एका गृहीत आकड्यावर उभा होता. तो कुणी मोजलेलाही नव्हता आणि मोजता येण्यासारखाही नव्हता, कारण तो बर्फ वितळून हजारो वर्षं झाली होती.

जिथे एक राशी हलूच शकत नाही

शॅकलटन भौतिकशास्त्र शिकलेले. केंब्रिज विद्यापीठात चतुर्थक कालखंडावर, म्हणजे हिमयुगांच्या अलीकडच्या कालखंडावर, काम करणाऱ्या विभागात ते आले तेव्हा त्यांच्याकडे आलेलं काम यंत्राचं होतं. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांनी असे बदल केले की पूर्वीच्या मानाने कितीतरी कमी कवचांत नेमकं मोजमाप होऊ लागलं. हा तपशील पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. चमचाभर गाळात वर तरंगणारे फोराम शेकड्याने मिळतात, पण तळाच्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मोठा नमुना मागणारं यंत्र असतं तर तळाच्या कवचांचा अखंड आलेख काढायचा विचारही कुणी केला नसता.

आणि हवी होती ती तळाचीच कवचं. खोल समुद्राचं पाणी आजच इतकं थंड आहे की त्याला आणखी गार व्हायला फारशी जागा नाही. पश्चिम प्रशांतात तीन हजार मीटर खाली ते दीड-दोन अंशांवर असतं. समुद्राचं पाणी सुमारे उणे १.९ अंशाला गोठतं. म्हणजे तापमान नावाची अज्ञात राशी तिथे भिंतीला टेकलेली आहे. पाणी खाली सरकलंच तर तीन-साडेतीन अंश, त्यापुढे नाही.

आता वरच्या कवचांचा आणि तळाच्या कवचांचा आलेख शेजारी ठेवा. एमिलियानी यांचं म्हणणं खरं असेल तर वरच्या कवचांत मोठा चढउतार दिसायला हवा आणि तळाच्या कवचांत त्याच्या तुलनेत अगदी छोटा. प्रत्यक्षात दोन्हींत चढउतार जवळपास सारखाच निघाला. तळाच्या कवचांनाही सहा अंशांचाच हिशेब लावायचा म्हटलं तर हिमयुगात तळाचं पाणी उणे चार अंशांच्याही खाली जायला हवं, म्हणजे महासागर तळापासून गोठायला हवा. तसं झालं नव्हतं, त्या चिखलात फोराम राहत होते. त्यांचीच तर कवचं हातात होती.

१९६७ साली शॅकलटन यांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं: कवचातल्या फरकाचा मोठा वाटा बर्फाचा आहे, तापमानाचा लहान. दोन वर्षांनी विली डान्सगार्ड आणि हेन्रिक टाउबर हे ग्रीनलंडच्या बर्फाच्या बाजूने चालत त्याच ठिकाणी पोहोचले. त्यांच्या हिशेबाने किमान ७० टक्के वाटा पाण्याच्या बदलाचा होता. एमिलियानी यांनी आपला आकडा सहजासहजी सोडला नाही, आणि त्यात गैर काही नव्हतं. दुसरा पक्षही बर्फाचं मूल्य अंदाजानेच धरत होता. फरक एवढाच की शॅकलटन यांच्याकडे दुसरं समीकरण होतं.

सोळा मीटर चिखल

लॅमाँट वेधशाळेचं ‘व्हेमा’ हे जहाज मुळात तीन डोलकाठ्यांची आलिशान नौका, पुढे संशोधनाला लावलेलं. वेधशाळेचे संस्थापक मॉरिस यूइंग यांचा दंडक होता की जहाज कुठेही असो, रोज एक गाभा काढायचाच. त्या वेळी त्याचा काय उपयोग, हे विचारायचं नाही. असा साठवलेला चिखल पुढे अनेकांच्या कामी आला. अठ्ठाविसाव्या सफरीतला दोनशे अडतिसावा गाभा, म्हणून नाव व्ही२८-२३८. जागा पश्चिम प्रशांत, विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंश उत्तरेला, पाण्याखालच्या पठारावर ३,१२० मीटर खोलीवर. लांबी सुमारे १६ मीटर.

ही जागा निवडून मिळाली नसती इतकी सोयीची होती. खोली बेताची, त्यामुळे कवचं विरघळून गेलेली नाहीत. गाळ संथ, पण अखंड चढलेला. आणि हिमस्तरांपासून इतकी दूर की पृष्ठभागाचं पाणी फारसं बदललं नसावं, असा तेव्हाचा समज. म्हणजे वरची कवचंसुद्धा इथे मुख्यतः बर्फाचाच हिशेब सांगणार.

गाभ्याचं चुंबकत्व नील ओपडाइक यांनी तपासलं. गाळातले लोहयुक्त कण बसताना तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळून बसतात. विषुववृत्तावर हे वाचणं जरा अवघड असतं, कारण तिथे चुंबकसुई आडवीच राहते आणि क्षेत्र उलटल्याची खूण फक्त दिशेच्या अर्ध्या वळशात दिसते. तो वळसा बरोबर १२ मीटर खोलीवर सापडला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटलं तो हा क्षण. लाव्हा खडकांवरून त्याचं वय तेव्हा सात लाख वर्षं मानलं जाई.

बारा मीटरांना सात लाख वर्षं, म्हणजे हजार वर्षांना १.७ सेंटिमीटर. गाळ एकाच वेगाने साचला असं धरलं की गाभ्यातल्या कोणत्याही खोलीचं वय त्रैराशिकाने निघतं. शॅकलटन आणि ओपडाइक यांनी १९७३ च्या निबंधात नेमकं हेच केलं. सहाव्या टप्प्याच्या हिमयुगातून पाचव्या टप्प्याच्या उबेत जाण्याची सीमा २२० सेंटिमीटरवर होती. भागाकार केला की १ लाख २८ हजार वर्षं. बार्बाडोस बेटावर समुद्रपातळी उंच असताना तयार झालेल्या प्रवाळांचं युरेनियम-थोरियम पद्धतीने काढलेलं वय होतं सव्वा लाख वर्षांच्या घरात. कवचं, चुंबकत्व आणि प्रवाळ यांची एकमेकांशी ओळखदेखील नव्हती, तरी तिघांची साक्ष जुळली. मला विचाराल तर त्या निबंधातला सगळ्यात सुंदर भाग हा भागाकार आहे.

आता त्या दोषाकडे येऊ. कवचातला फरक मुख्यतः स्थानिक तापमानाचा असता तर प्रत्येक समुद्राचा आलेख वेगळा निघाला असता आणि एका गाभ्यावरून दुसऱ्याबद्दल काही बोलता आलं नसतं. पण तो मुख्यतः बर्फाचा असेल तर गोष्ट पालटते. समुद्राचं पाणी हजार-दीड हजार वर्षांत ढवळून एकजीव होतं. कॅनडात बर्फ साचला की त्याची नोंद प्रशांत, अटलांटिक, हिंदी, सगळ्या महासागरांच्या तळाशी जवळजवळ एकाच वेळी होते. मग एमिलियानी यांचे क्रमांक कुठल्याही गाभ्यात ओळखता येतात. शॅकलटन आणि ओपडाइक यांनी ते बाविसाव्या टप्प्यापर्यंत नेले. तापमान म्हणून जो आकडा फसला होता, तो पंचांग म्हणून चालू लागला.

पहिला बळी गेला तो चार हिमयुगांच्या जुन्या मांडणीचा. आल्प्समधल्या नद्यांच्या पायऱ्यांवरून अल्ब्रेख्त पेंक आणि एदुआर्द ब्रुकनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्युंझ, मिंडेल, रिस आणि व्युर्म अशी चार नावं दिली होती आणि पाठ्यपुस्तकांत ती गिरवली जात होती. जमिनीवर प्रत्येक नवा हिमस्तर आधीच्याच्या खुणा पुसत जातो. समुद्रतळाला ती सवय नाही. सात लाख वर्षांत गाभ्यात निघाली ती चारच्या दुपटीच्या आसपास.

घड्याळ घड्याळालाच दुरुस्त करतं

पुढचं बरंच जण जाणतात, म्हणून थोडक्यात. १९७६ साली जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन गाभ्यांवरून साडेचार लाख वर्षांचा आलेख तपासला. त्यात सुमारे एक लाख, ४३ हजार, २४ हजार आणि १९ हजार वर्षांची आवर्तनं सापडली. पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलण्यात होणाऱ्या बदलांशी ती जुळत होती. अशा बदलांमुळेच हिमयुगं येतात-जातात, हे मिलुटिन मिलान्कोविच यांचं गणित बाद ठरवणाऱ्यांना त्यानंतर फार काळ तग धरता आला नाही.

त्याहून मजेशीर प्रसंग १९९० चा. तोवर चुंबकीय क्षेत्राच्या त्या शेवटच्या उलथापालथीचं मान्य वय ७ लाख ३० हजार वर्षं झालं होतं. शॅकलटन, आंद्रे बर्जर आणि रिचर्ड पेल्टियर यांनी पूर्व प्रशांतातल्या एका गाभ्यातली कवचांची आवर्तनं कक्षेच्या गणिताशी लावली आणि म्हटलं, हे वय ७ लाख ८० हजार हवं. म्हणजे ज्या चुंबकीय खुणेने १९७३ साली कवचांना वय दिलं होतं, तिलाच आता कवचं सांगत होती की तुझं घड्याळ पन्नास हजार वर्षं मागे आहे. लाव्हांची वयं आर्गॉनच्या नव्या पद्धतीने काढली गेली, तेव्हा कवचांचं म्हणणं खरं निघालं.

हिशेबात राहिलेली बाकी

एवढ्यावरून शॅकलटन यांचा विजय झाला आणि एमिलियानी खोटे ठरले, असं कुणी लिहिलं तर ते अर्धवट होईल. भिंतीला टेकलेल्या पाण्याला तीन अंशांची जागा होती, आणि त्यातली बरीचशी पाण्याने वापरली होती. १९८६ साली जॉन चॅपेल आणि शॅकलटन यांनी न्यू गिनीतल्या ह्युऑन द्वीपकल्पावरच्या प्रवाळ पायऱ्यांची उंची तळाच्या कवचांच्या आलेखाशी ताडली. समुद्रपातळी एक सांगत होती, कवचं त्याहून जास्त. मधलं अंतर भरायला हिमयुगात खोल पाणीही गार झालं होतं असं मानणं भाग होतं. २००० साली शॅकलटन यांनी अंटार्क्टिकातल्या व्होस्टोकच्या बर्फाशी तुलना करून हाच हिशेब पुन्हा मांडला. तळाच्या कवचांतल्या एक लाख वर्षांच्या आवर्तनात खोल पाण्याच्या तापमानाचा वाटा आधी मानला त्यापेक्षा बराच मोठा असल्याचं त्यातून निघालं. आपणच रूढ केलेल्या वाचनावर आपल्याच हाताने कात्री चालवणं, तेही साठी ओलांडल्यावर, हे सोपं नसतं.

कवचांच्या जातींचाही एक कर भरावा लागतो. तळाशी शेजारी शेजारी राहणाऱ्या युव्हिजेरिना आणि सिबिसिडीस या फोरामांच्या आकड्यांत हजारात ०.६४ चा कायमचा फरक पडतो. हिमयुगाच्या एकूण फरकाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरतो तो. तळाचे किडे वरचा काही सेंटिमीटर चिखल सतत उकरत असतात, त्यामुळे हजार वर्षांना १.७ सेंटिमीटर असा संथ गाळ असेल तर काही हजार वर्षांचा तपशील आपोआप पुसट होतो. व्ही२८-२३८ वर शतकांचा हिशेब कुणी मागू नये.

समुद्राच्या पाण्याचा खरा आकडा शेवटी कवचांतून मिळालाच नाही. तो मिळाला चिखलातून. गाळाच्या कणांमध्ये अडकलेलं पाणी वर-खाली झिरपत फार हळू मिसळतं. त्यामुळे तळाखाली काही दहा मीटरांवर हिमयुगातल्या समुद्राच्या पाण्याची पुसट खूण आजही शिल्लक आहे. डॅनियल श्राग आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ते पाणी पिळून काढून मोजलं. फरक हजारात साधारण एक. एमिलियानी यांनी अर्धा धरला होता, शॅकलटन आणि ओपडाइक यांनी १.२.

आणि उष्ण कटिबंधाचा पृष्ठभाग? कवचात कॅल्शियमच्या जागी शिरणारं मॅग्नेशियम पाणी तापलं की वाढतं, दर अंशाला सुमारे नऊ टक्के, आणि त्याला बर्फाशी काही देणंघेणं नाही. म्हणजे अखेर एक स्वतंत्र समीकरण. डेव्हिड ली यांच्या गटाने २००० साली ते पश्चिम प्रशांतातल्या ऑन्टाँग जावा पठारावरच्या एका गाभ्याला लावलं. व्ही२८-२३८ आला तोही याच भागातून, जिथे पाणी जवळजवळ बदललंच नसावं असं मानलं गेलं होतं. उत्तर आलं २.८ अंश.